एपिड्युरलमध्ये काय मिसळायचं? नवी मुंबईतल्या एका पायाच्या ऑपरेशनचं प्रकरण

पायाचं मोठं ऑपरेशन झालं की पहिले दोन दिवस दुखण्याचे. ते दुखणं आवाक्यात ठेवायला कंबरेच्या मणक्यांमधून एक बारीक नळी, म्हणजे एपिड्युरल कॅथेटर, टाकून ठेवतात आणि तिच्यातून औषध सोडत राहतात. मुख्य औषध बधिर करणारं: ब्युपिव्हकेन किंवा रोपिव्हकेन. पण नुसत्या त्याच औषधावर भागवायचं म्हटलं तर ते इतकं द्यावं लागतं की पाय लुळा पडतो आणि बीपी उतरतं. म्हणून बधिर करणारं औषध पातळ ठेवायचं आणि जोडीला दुसरं काहीतरी थोडं मिसळायचं, हा आमचा रोजचा रिवाज.

हे दुसरं औषध निवडताना आम्ही भूलतज्ज्ञ बहुतेक वेळा पेशंटला किती तास आराम मिळेल तेवढंच बघतो. पहिला प्रश्न वेगळा हवा असं माझं ठाम मत आहे. रात्री दोन वाजता या पेशंटजवळ कोण असेल, आणि हे औषध त्या माणसापासून काय लपवून ठेवेल? खालचं प्रकरण त्यासाठीच सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून पेशंटचे काही तपशील बदलले आहेत. डोसचे आकडे या एका पेशंटचे आहेत, ते दुसऱ्याला जसेच्या तसे लावू नयेत.

पार्श्वभूमी

पेशंट ५४ वर्षांचे, मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरणेत, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी टोळीचे मुकादम. गाडी खाली होत असताना ट्रकच्या फाळक्यावरून पाय घसरला आणि उजव्या पायावर पूर्ण भार येऊन ते खाली आले. नडगीच्या हाडाचं वरचं टोक, ज्यावर गुडघा टेकतो, ते दोन्ही बाजूंनी फुटलं होतं. असं हाड लगेच उघडता येत नाही. सूज इतकी असते की टाके बसत नाहीत. सर्जननी आधी बाहेरून सळ्यांची फ्रेम लावून पाय स्थिर केला. आठव्या दिवशी कातडीवर सुरकुत्या दिसायला लागल्या, तेव्हा प्लेट बसवायचं ठरलं. दोन बाजूंनी दोन प्लेटा, आणि खचलेल्या जागी भरायला कमरेच्या हाडातून थोडं हाड.

वजन ९६ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. बीपीसाठी अॅम्लोडिपिन आणि मेटोप्रोलॉल चालू, त्यामुळे नाडी शांत असताना ५६ ते ५८. क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंड थोडं मंद. बाकी रिपोर्ट ठीक.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र कुठल्याच रिपोर्टात नव्हती. तपासणीच्या वेळी मी घोरण्याबद्दल विचारलं तर मुकादम म्हणाले, "थोडंफार, सगळेच घोरतात." मागे उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी लगेच म्हणाल्या, "थोडंफार कसलं! घोरता घोरता ह्यांचा श्वासच थांबतो मधेच. मग मी हलवते, तेव्हा परत सुरू होतो." मानेचा घेर मोजला, तो ४० सेंटिमीटरच्या पुढे. झोपेत श्वास अडकण्याची शक्यता मोजायला स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी असते. पाच किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा. यांचे सहा भरले. पत्नी त्या दिवशी खाली कॅन्टीनला गेल्या असत्या तर हे आम्हाला कळलं नसतं. तेव्हापासून घोरण्याचा प्रश्न मी शेजारी झोपणाऱ्या माणसालाच विचारते.

अडचण

प्रत्येक वाट कुठे ना कुठे अडत होती.

दुखण्याची नेहमीची इंजेक्शनं, डायक्लोफिनॅक किंवा केटोरोलॅक, क्रिएटिनिनमुळे बाद. शिरेतून मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉलवर रात्र काढायची तर घोरण्याचा प्रश्न. प्रीगॅबॅलिन गुंगी आणतं, म्हणून तेही नको. बिनधोक उरलं ते पॅरासिटॅमॉल, आणि दोन प्लेटांच्या दुखण्याला एकटं पॅरासिटॅमॉल पुरत नाही.

त्यात हे हाड असं की पोटरीतला दाब वाढण्याची भीती कायम असते. पोटरीचे स्नायू पक्क्या आवरणांच्या कप्प्यांमध्ये असतात. आत सूज किंवा रक्त साठलं की कप्प्यातला दाब चढतो, रक्तपुरवठा बंद पडतो आणि काही तासांत स्नायू मरतात. याला कॉम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. वेळीच कप्पे चिरून मोकळे केले तर पाय वाचतो. याची पहिली खूण म्हणजे दुखणं: प्रमाणाबाहेर, औषधाला दाद न देणारं, बोटं ताणली की जास्त होणारं. घोट्याची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचे पाय गेलेले आहेत, कारण नाडी शेवटपर्यंत लागू शकते. दुखणं हीच इथे धोक्याची घंटा, आणि ते दाबण्यासाठीच मला बोलावलेलं.

तिसरी अडचण खाटेची. एचडीयूत, म्हणजे आयसीयूच्या खालोखाल देखरेख असलेल्या विभागात, त्या दिवशी जागा नव्हती. पेशंट वॉर्डात जाणार होता. वॉर्डात रात्री एक सिस्टर, हाताखाली एक मावशी, आणि दोन मजल्यांना मिळून एक आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर. नवी मुंबई-ठाण्याकडच्या मध्यम आकाराच्या रुग्णालयांत रात्रीचं चित्र बहुतेक असंच असतं. भूलतज्ज्ञ दिवसभर दोन-तीन ठिकाणी फिरून घरी गेलेला असतो आणि त्याने सुरू केलेलं औषध मात्र रात्रभर चालू असतं.

पर्याय

एपिड्युरलच नको, असा विचार आधी केला. हल्ली गुडघ्याच्या बऱ्याच ऑपरेशनांना नसांभोवतीची बधिरता पुरते. इथे पायाच्या मागच्या मोठ्या नसेला बधिर केलं असतं तर पोटरीचं दुखणं पूर्णच झाकलं गेलं असतं आणि पाऊल हलतंय का हेही बघता आलं नसतं. शिवाय कमरेच्या हाडाची जखम त्यात येत नाही. ऑपरेशन तीन तासांच्या पुढे जाणार होतं, त्यामुळे नुसती स्पायनल, म्हणजे पाठीत एकदाच द्यायचं भुलीचं इंजेक्शन, तीही अपुरी पडली असती. स्पायनल आणि एपिड्युरल एकत्र देणं सोयीचं होतं, अट एवढीच की रात्रीचं मिश्रण पातळ हवं.

मग मिसळायचं काय?

मॉर्फिन. एपिड्युरलमधून मॉर्फिन दिल्याचे पहिले अहवाल १९७९ सालचे. एका डोसात १८ ते २४ तास आराम, तोही स्नायूंची ताकद न घालवता. मला हे औषध मनापासून आवडतं. धडधाकट तरुणाच्या दोन्ही मांड्यांची हाडं मोडली असतील आणि रात्री लक्ष ठेवायला माणूस असेल, तर मी आजही प्रिझर्वेटिव्ह नसलेलं मॉर्फिनच निवडेन. पण ते पाण्यात विरघळणारं आहे. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात राहतं आणि हळूहळू वर, मेंदूकडे सरकतं. त्यामुळे श्वास मंदावण्याचा धोका देतानाच्या वेळी कमी आणि सहा-बारा तासांनंतर जास्त. संध्याकाळी दिलेलं मॉर्फिन मध्यरात्री आपला प्रताप दाखवणार, त्यात पेशंट घोरणारा. मूत्रपिंड थोडं मंद असलं की त्याचे अंशही रेंगाळतात. बाद.

क्लोनिडिन आणि डेक्समेडेटोमिडिन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन म्हणाले, "मॅडम, डेक्स घाला ना. रात्रभर शांत झोपतील, मलाही फोन येणार नाही." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. ही दोन्ही औषधं मज्जारज्जूतल्या अल्फा-२ जागांवर काम करतात आणि दुखणं खरोखरच कमी करतात. डेक्स त्या जागांना जास्त नेमकं बसतं: अल्फा-१ या दुसऱ्या जातीच्या जागांच्या तुलनेत त्याची पसंती १६२० पट मोजलेली आहे, क्लोनिडिनची २२०. आपल्याकडे डेक्स पसरायला आणखी एक कारण आहे, ते कागदोपत्री. मॉर्फिन आणि फेंटानिल अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतात. २०१४ च्या दुरुस्तीने रुग्णालयांना ती ठेवणं सोपं केलं, तरी मान्यता, कुलूपबंद कपाट, अँप्युलगणिक नोंद हे सगळं आलंच. डेक्सला यातलं काही लागत नाही. पुष्कळ छोट्या रुग्णालयांत डेक्सची निवड पेशंटकडे बघून होत नाही, कपाटात जे आहे त्याकडे बघून होते. हे बदलायला हवं.

या पेशंटला डेक्स का नको? नाडी आधीच मेटोप्रोलॉलवर ५६. ही औषधं नाडी आणखी उतरवतात, बीपीही पाडतात. दुसरं म्हणजे गुंगी. डेक्स श्वासाचं केंद्र फारसं दाबत नाही हे खरं, पण झोप गाढ झाली की घशाचे स्नायू सैल पडतात, आणि याचा श्वास तिथेच अडकतो. 'शांत झोपलेत' असं सिस्टरने लिहिलं तर त्याचा अर्थ आराम की गुंगी, हे वॉर्डात कोण सांगणार? वर डेक्सला परवानगी आहे ती शिरेतून देऊन गुंगी आणण्यासाठी, एपिड्युरलसाठी नाही. क्लोनिडिनला अमेरिकेत १९९६ साली एपिड्युरलसाठी मान्यता मिळाली, तीही कॅन्सरच्या तीव्र वेदनेपुरती. ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी ते सहसा वापरू नये, असा चौकटीतला इशारा वेष्टनावरच आहे. मी क्लोनिडिन कधीच वापरत नाही असं नाही, पण एचडीयूत आणि मॉनिटर लावूनच.

मॅग्नेशियम. स्वस्त आहे, गुंगी नाही. पण ५० मिलिग्रॅम घ्यायचे तर ५० टक्क्यांच्या अँप्युलमधून जेमतेम ०.१ मिली काढावं लागतं. घाईत तिथे दशांश चिन्ह इकडचं तिकडे झालं तर दहापट औषध जातं. केटामिनच्या बाटलीत प्रिझर्वेटिव्ह असतं, ते मज्जारज्जूला बाधू शकतं. निओस्टिग्मिनने उलट्या होतात. या तिघांवर मी जास्त वेळ घालवला नाही.

फेंटानिल. चरबीत विरघळणारं, त्यामुळे जिथे सोडलं त्याच्या आसपास मुरतं, वर फारसं सरकत नाही. परिणाम लवकर सुरू होतो, थांबवलं की दोन-चार तासांत ओसरतो. याला उणीव म्हणतात, कारण पंप चालू ठेवावा लागतो. मला या पेशंटसाठी तीच जमेची बाजू वाटली. काही बिघडलं तर पंप बंद करता येतो. मॉर्फिनचा डोस एकदा आत गेला की परत काढता येत नाही.

काय ठरलं

०.१ टक्का ब्युपिव्हकेन आणि मिलीमागे २ मायक्रोग्रॅम फेंटानिल, ताशी ५ मिली. पन्नास मिलीची सिरिंज अशी भरायची: ०.५ टक्के ब्युपिव्हकेन १० मिली, फेंटानिल २ मिली म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, सलाईन ३८ मिली. ताशी फेंटानिल १० मायक्रोग्रॅम पडतं. सिरिंजवर आणि नळीवर पिवळं लेबल, कारण शिरेची नळी आणि ही नळी अंधारात सारखीच दिसते. जोडीला दर सहा तासांनी पॅरासिटॅमॉल १ ग्रॅम.

सर्जनशी बसून तीन गोष्टी पक्क्या केल्या. एक, ऑपरेशननंतर पायाचा अंगठा वर ओढता येतो हे दोघांनी पाहिल्याशिवाय पंप सुरू होणार नाही. दोन, रात्री दुखणं वाढलं तर फोनवर जादा डोस सांगायचा नाही. आधी पाय बघायचा, मग पंपाला हात. हे वाक्य मी ऑर्डर शीटवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं. तीन, रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन. आदला डोस रात्री ८ ला झालेला, सुई दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनला, म्हणजे बारा तासांहून बरंच अंतर. पुढचा डोस छापील चार्टप्रमाणे त्याच रात्री ८ ला पडला असता. तो मी खोडून दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला नेला. सुईनंतर किमान बारा तास जाऊ देणं हा नियम आहेच. शिवाय पहिल्या रात्री कॅथेटरला हात लावायची वेळ आली तर रक्तात ते औषध नको होतं.

पेशंटची खाट सिस्टरच्या टेबलासमोर घेतली, डोकं ३० अंश वर. श्वास तासातासाला पूर्ण एक मिनिट मोजायचे आणि किती गुंगी आहे त्याचा आकडा लिहायचा. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नका, हे सिस्टरला पुन्हा सांगितलं. नाकाला ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावून आत कार्बन डायऑक्साइड साठत असला तरी आकडा ९८ च दिसत राहतो. मॉर्फिन-फेंटानिलवरचा उतारा, नॅलॉक्सोन, त्याचं अँप्युल ट्रेवर चिकटवून ठेवलं.

ऑपरेशन संध्याकाळी पाच-वीसला संपलं. सात वाजून दहा मिनिटांनी मुकादमांनी उजवा अंगठा वर ओढून दाखवला. सव्वासातला पंप सुरू झाला. दहापर्यंत दुखणं दहापैकी २-३.

रात्री काय झालं

पावणेदोनच्या सुमारास आरएमओचा फोन आला. दुखणं ७ वर गेलंय, बीपी-नाडी ठीक, पेशंट अस्वस्थ. "मॅडम, एपिड्युरलमधून पाच मिली बोलस, एकदम जादा डोस, देऊ का?"

प्रश्न रास्त होता आणि इतर कुठल्याही ऑपरेशननंतर मी हो म्हटलं असतं. मी विचारलं, "पाय बघितलात?" ते म्हणाले, "बघतो, लाईनवर राहा." आणि त्यांनी खरंच नीट बघितला. अंगठा वर होतोय. बोटं खाली ओढली की नडगीच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. क्रेप बँडेज घट्ट, कडेला कातडी फुगून बाहेर आलेली. पंपावर ३२ मिली गेल्याची नोंद, म्हणजे पंप नीट चालू आहे. मग सिस्टरने ग्लोव्हमध्ये बर्फ घालून दोन्ही मांड्यांना लावला. डाव्या मांडीला गार कमी लागत होतं. उजव्या मांडीला झटकन लागत होतं.

हा पहिला निर्णयाचा क्षण. दोन कारणं एकाच वेळी समोर होती. औषध डाव्या बाजूलाच जात होतं, म्हणून उजवा पाय उघडा पडला असेल. किंवा कप्प्यातला दाब वाढत असेल. बर्फाने पहिलं कारण जवळजवळ सिद्ध झालं, आणि नेमका तिथेच धोका होता. एक कारण सापडलं की मन दुसरं शोधायचं थांबवतं. कॅथेटर एका बाजूला गेलाय म्हणून कप्प्यातला दाब वाढणार नाही असं थोडंच आहे?

म्हणून क्रम ठरवला. बोलस नाही. बँडेज आणि खालचा कापूस लांबीभर कातडीपर्यंत कापून मोकळा करा. पाय उशीवर उंच असेल तर छातीच्या पातळीला आणा, कारण उंच पायात रक्त आणखी कमी पोचतं. सर्जनला फोन करा. मी नेरूळहून निघाले. सर्जन माझ्या पाच मिनिटं आधी, दोन-वीसला पोचले होते.

बँडेज कापल्यावर दुखणं ७ वरून ५ वर आलं होतं. पोटरी ताठ होती, पण दगडासारखी नाही. इथे सर्जनचं मत थोडं थांबून बघू असं, आणि माझं आकडा मोजून घेऊ असं. दाब मोजायचं खास यंत्र रुग्णालयात नव्हतं. पण धमनीतला दाब मोजायचा ट्रान्सड्यूसर ओटीत असतो. तो पायाच्या पातळीला शून्यावर आणून, निर्जंतुक सुईने सर्जननी पुढच्या कप्प्यातला दाब घेतला: बीपीच्याच मापात २६. त्या वेळी बीपी १३८/८०. खालच्या बीपीतून कप्प्यातला दाब वजा केला तर ५४ उरतात. हा फरक ३० च्या खाली गेला तर कप्पे उघडायची वेळ. आपण त्याच्या बरेच वर होतो.

दुसरा निर्णय त्यानंतरचा: आता दुखण्याचं काय करायचं? कॅथेटर कातडीशी ११ सेंटिमीटरवर होता. सुई आत पोचली होती ती ६ सेंटिमीटरवर, म्हणजे ५ सेंटिमीटर आत. जास्त आत गेलेलं टोक एका बाजूला वळतं. एनॉक्सापॅरिन रक्तात नव्हतं, त्यामुळे कॅथेटर १ सेंटिमीटर मागे घेता आला. सिरिंजने ओढून पाहिलं, रक्त नाही, मज्जारज्जूभोवतीचं पाणी नाही.

मग जोर काय द्यायचा? ब्युपिव्हकेन वाढवलं असतं तर आराम चांगला मिळाला असता, पण पाऊल सुन्न आणि कमजोर झालं असतं. पुढचे काही तास आम्हाला अंगठा हलताना बघायचा होता. म्हणून फेंटानिल ५० मायक्रोग्रॅम नुसत्या सलाईनमध्ये १० मिली करून दिलं. मिसळायचं औषध इथे एकटंच वापरलं. ते दुखणं कमी करतं, स्नायूंची ताकद घालवत नाही. अर्ध्या तासात दुखणं ३ वर आलं. श्वास मिनिटाला १४, हाक मारली की लगेच डोळे उघडत होते. पहाटे सव्वाचारला कप्प्यातला दाब पुन्हा मोजला: २०, बीपी १३४/७८. अंगठा हलत होता. मी पाचनंतर निघाले.

नंतरचे दिवस

पुढच्या रात्री दुखणं ३ च्या वर गेलं नाही. अंगाला थोडी खाज आली, ती फेंटानिलची. औषध न देता गेली. कॅथेटर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काढला आणि त्या दिवसाचं एनॉक्सापॅरिन ८ ऐवजी दुपारी १२ ला दिलं, कारण कॅथेटर काढल्यावर किमान चार तास जाऊ द्यावे लागतात. आदल्या रात्री आठनंतरही तो नियमाने काढता आला असता. पण काढल्यानंतरचे काही तास पायातली ताकद बघत राहावी लागते, आत रक्त साठून मज्जारज्जूवर दाब आला तर ते आधी तिथेच कळतं. ते बघायला दिवसाची ड्यूटी बरी. जखम भरली, पावलाची ताकद पूर्ण. घरी गेल्यावर त्यांची झोपेची तपासणी झाली आणि आता ते रात्री सीपॅपचं, म्हणजे दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं, मशीन लावून झोपतात.

वेगळं काय करता आलं असतं

कॅथेटर आत ४ सेंटिमीटरच ठेवता आला असता. जाड माणसात तो बसल्या अवस्थेत चिकटवला आणि मग माणूस आडवा झाला की कातडी सरकते आणि कॅथेटरचं टोक हलतं. कुशीवर झोपवून मग चिकटवणं चांगलं. आमच्या टीमने आता हीच पद्धत ठेवली आहे.

बँडेजबद्दल सर्जननी स्वतःच सांगितलं: या हाडाच्या ऑपरेशननंतर पहिल्या रात्री घट्ट क्रेप नको, मोकळं पॅडिंग पुरे. ते पहिल्यापासून असतं तर कदाचित रात्रीचा फोनच आला नसता.

बर्फाची तपासणी सिस्टरला येत होती, कारण त्या आधी दुसरीकडे लेबर एपिड्युरलच्या वॉर्डात होत्या. हा योगायोग होता. पंप सुरू करताना दुपारच्या आणि रात्रीच्या, दोन्ही ड्यूटींसमोर एकदा बर्फ लावून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

एका मुद्द्यावर सर्जनचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. त्यांचं म्हणणं, पहाटेचा फेंटानिलचा डोस दाबाच्या दुसऱ्या मोजणीनंतर द्यायला हवा होता, कारण अफूच्या जातीचं औषधही दुखण्याची घंटा दाबतंच. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने पायाच्या दुखापतींबद्दल २०२१ साली काढलेल्या सूचनाही त्यांच्या बाजूने झुकतात: औषध पातळ असावं, मिसळ नसावी, आणि लक्ष ठेवायची व्यवस्था पक्की असावी. माझं म्हणणं, पहिला आकडा हातात होता, फरक ५४ होता, पुढचे दोन तास आम्ही दोघंही खाटेजवळ होतो आणि दुसरी मोजणी ठरलेली होती. ७ चं दुखणं घेऊन तळमळणाऱ्या माणसाचा पायही नीट तपासता येत नाही, हात लावला तरी ओरडतो. पण आम्ही दोघं तिथे नसतो, नुसता फोन असता, तर मी त्यांचंच ऐकलं असतं आणि काहीच दिलं नसतं.

एचडीयूत खाट मिळाली असती तर मिश्रण बदललं असतं का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं. मॉर्फिन तरीही दिलं नसतं, श्वासाच्या त्रासामुळे. डेक्सही नाही, नाडीमुळे. नाडी ७५ असती, घोरणं नसतं आणि मॉनिटरसमोर माणूस बसलेला असता, तर क्लोनिडिनचा छोटा डोस विचारात घेतला असता. या तिन्ही अटी पूर्ण झाल्यात का, हे आता आम्ही ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच तपासतो, आणि त्या रात्री वॉर्डात कोणाची ड्यूटी आहे तेही त्याच कागदावर लिहितो.